पेटीत नग बारा की दहा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘छोट्या व्यापाऱ्यांनी आता तरी संगणकीकरण करावे’ असा सल्ला अर्थविषयक पुरवण्यांतून अजूनही अधूनमधून वाचायला मिळतो. तो वाचून घाऊक बाजारातला माणूस हसतो. किराणा, हार्डवेअर, औषधे, कापड, कोणत्याही पेठेत जा, बिलाचा संगणक नसलेला गाळा शोधावा लागेल. कीर्द-खतावणी बासनात बांधून माळ्यावर गेली; लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी लॅपटॉपवरही हळदकुंकू वाहिले जाते. संगणक घेऊन झाला. त्यात भरलेली माहिती खरी आहे का, हे मात्र फार थोडे जण तपासतात. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून ती चुकीची असली तर भुर्दंड एकट्या मालकाला नाही, त्याच्या गिऱ्हाइकालाही बसतो. याबद्दल जरा तपशिलात लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

केसतेलाची एक पेटी घ्या. पेटीत १२ बाटल्या, पेटीचा खरेदीभाव १,२०० रुपये, म्हणजे बाटली १०० रुपयांना पडली. सॉफ्टवेअरमध्ये हा आयटम उघडताना कुणीतरी, कधीतरी ‘१ पेटी = १२ नग’ असे भरून ठेवलेले असते. पुढे कंपनी पॅकिंग बदलते. पेटी १० बाटल्यांची होते, भाव १,००० रुपये. जुना माल संपलेला आहे असे धरा. नव्या बिलावर ‘५० पेटी’ एवढेच ठळक छापलेले असते. बिल भरणारा मुलगा ५० पेटी भरतो आणि संगणकात ६०० बाटल्या जमा होतात. गोदामात आलेल्या असतात ५००.

एका नोंदीने दोन घोळ झाले. पहिला वर्षअखेरीला बाहेर येतो: मोजणीत १०० बाटल्या कमी भरतात आणि संशय गोदामातल्या पोरावर जातो. दुसरा महागातला आहे. सॉफ्टवेअरच्या लेखी बाटली आता ८३ रुपये ३३ पैशांना पडते. १०५ ला विकली की नफा २१ रुपये ६७ पैसे दिसतो. खरा असतो ५ रुपये. या मालात मार्जिन बरे सुटतेय म्हणून मालक मोठ्या गिऱ्हाइकाला बाटलीमागे ८ रुपये सूट देतो आणि ३ रुपये पदरचे घालतो. अहवाल तरीही १३ रुपये ६७ पैसे नफाच दाखवतो. सॉफ्टवेअरची यात काडीची चूक नाही. त्याला पेटीत बारा सांगितले होते, त्याने बाराच धरले.

यावर उपाय सोपा आहे, पण करण्याचा क्रम चुकवू नये. जुन्या आयटममध्ये जाऊन १२ चे १० करू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे मागची बिलेही नव्या हिशेबाने मोजली जातात आणि बंद झालेल्या महिन्यांचा साठा हलतो. जुना आयटम शून्यावर आणून बंद करा, नावातच ‘१० नग पेटी’ असे लिहून नवा उघडा. आणि माल उतरवून घेणाऱ्याने कागदावर पेट्यांचा नाही, नगांचा आकडा लिहायचा. एक पेटी फोडून मोजायला दोन मिनिटे लागतात.

तेलाच्या पेठेत याच जातीचा आणखी एक सापळा आहे. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा दिसायला जवळपास सारखे. खाद्यतेलाचे एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. भाव किलोवर बोलला गेला, डबे लिटरचे आले आणि संगणकातल्या यादीत नुसतेच ‘तेल १५ डबा’ असले, तर १०० डब्यांमागे १३५ किलो तेल कागदावरच राहते. तोंडी सौद्यात दोघांनाही ठाऊक असते कशाबद्दल बोलतोय. संगणकाला ते ठाऊक नसते.

या यादीला ‘मास्टर’ म्हणतात: आयटम, पार्टी (गिऱ्हाईक किंवा पुरवठादार), दर, एकके यांची मूळ यादी. सगळा डोलारा या यादीवर उभा असतो आणि ती करायला बसवतात दुकानातल्या सर्वांत नव्या पोराला. मग एकच माल ‘सनफ्लॉवर १५ ली’, ‘सन तेल १५’ आणि ‘सूर्यफूल डबा’ अशा तीन नावांनी राहतो. खरेदी एकात पडते, विक्री दुसऱ्यातून होते. एकात उणे ४० डबे, दुसऱ्यात अधिक ३८. असे उणे साठे बहुतेक ठिकाणी सर्रास चालू ठेवलेले असतात, कारण ते बंद केले की बिल अडते आणि काउंटरवर गर्दी होते. पण साठा शून्याखाली गेला की सरासरी खरेदीभाव काढायला आधार उरत नाही, आणि त्या आयटमच्या नफ्याचा आकडा निव्वळ बाजारगप्पा ठरतो.

नावासाठी एकच क्रम ठरवा: कंपनी, माल, प्रकार, वजन, पॅकिंग. नवा आयटम उघडण्याचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा. यादी आधीच बिघडली असेल तर साफसफाईचा अंदाज असा बांधा: ३,००० आयटम, प्रत्येकी दोन मिनिटे, म्हणजे ६,००० मिनिटे, अर्थात १०० तास. एक जाणता माणूस रोज सहा तास बसला तर १७ दिवस. लायसन्सचे पैसे मोजणारे मालक हे १७ दिवस द्यायला तयार होत नाहीत, असा सर्वत्रचा अनुभव आहे. मोठ्यांचेही निराळे नाही. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडली, १३३ पर्यंत नेली आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळीच बंद करत असल्याचे जाहीर केले. कारणे बरीच होती. त्यातले एक, मालाच्या मास्टरमध्ये मापे चुकलेली. सेंटिमीटरच्या जागी इंच. खोके फळीवर मावेना आणि गोदामे तुंबलेली असताना दुकानातल्या फळ्या रिकाम्या.

आता जीएसटीकडे. विक्रेत्याचे एक बिल आज तीन ठिकाणी राहते: त्याच्या संगणकात, सरकारी पोर्टलवर आणि घेणाऱ्याच्या वहीत. तिन्ही जुळली तरच घेणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की पुरवठादाराने दाखवलेले बिल घेणाऱ्याच्या टू-बी विवरणात, म्हणजे पोर्टलने तयार केलेल्या त्याच्या खरेदीच्या यादीत, उतरले नसेल, तर वजावट नाही. पैसे दिलेले असोत, माल गोदामात असो. तारखा ठरलेल्या आहेत. विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत, टू-बी १४ ला तयार, थ्री-बी म्हणजे कर भरण्याचे विवरण २० तारखेपर्यंत. घेणाऱ्याच्या हातात मधले जेमतेम सहा दिवस.

समजा २ लाखांचा माल गेला, १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये कर. बिल करताना पार्टीच्या यादीत एक ओळ खालची निवडली गेली. नाव मिळतेजुळते, जीएसटी क्रमांक दुसऱ्याचा. त्या १५ अक्षरी क्रमांकातले शेवटचे अक्षर पडताळणीचे असते, त्यामुळे टायपिंगची चूक पोर्टल पकडते. पण चुकीची पार्टी निवडली तर तो क्रमांक आपल्या जागी बरोबरच असतो. तो कोण पकडणार? ३६,००० ची वजावट तिसऱ्याच्याच खात्यात दिसते. खऱ्या गिऱ्हाइकाला तेवढी रक्कम रोखीने भरावी लागते, आणि तो तुमच्या बिलातून ३६,००० कापून ठेवतो. कर टू-बीत दिसल्याशिवाय कराची रक्कम सोडायची नाही, ही आता अनेक पेठांची रीतच झाली आहे.

चूक दुरुस्त होते, पण वेळेची गाठ आहे. कोणत्याही वर्षी ५ कोटींवर उलाढाल गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. बिल पोर्टलवर गेले की त्याला ६४ अक्षरी क्रमांक मिळतो, आणि ते तिथे रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, नवे बिल नव्या क्रमांकानेच करायचे. २४ तास उलटले की क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) काढा, नाही तर पुढच्या विवरणात दुरुस्ती दाखवा. थ्री-बीच्या आधी चूक सुधारायला २०२४ पासून ‘वन-ए’ हा फॉर्म आला आहे, त्यातही घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक बदलता येत नाही; त्यासाठी पुढचा महिनाच गाठावा लागतो. आणि जुलै २०२५ च्या विवरणापासून थ्री-बीमध्ये आपोआप येणारे देय कराचे आकडे हाताने बदलण्याची सोय बंद झाली. आधी ‘थ्री-बीत बघून घेऊ’ म्हणायची सोय होती. ती गेली.

म्हणून शटर ओढण्याआधी पंधरा मिनिटे काढून त्या दिवसाची बिलयादी एका माणसाने वाचावी आणि दुसऱ्याने ऑर्डरच्या कागदावर टिक करावी: पार्टी, जीएसटी क्रमांक, रक्कम. दोन राज्यांत नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाकडे जास्त लक्ष द्या. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. कोल्हापूरहून पणजीच्या शाखेला गेलेला माल २७ च्या क्रमांकावर बिल झाला तर आंतरराज्य कराऐवजी केंद्र-राज्य असा विभागलेला कर लागतो, आणि तो निस्तरायला दोन्हीकडचे हिशेबनीस महिनाभर फोनवर.

पिनकोडचा घोळ तर मास्टरमधला सर्वांत क्षुल्लक वाटणारा आणि रस्त्यावर सर्वांत महाग पडणारा. ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या सरकारी पोर्टलवरच्या बिलात, अंतर दोन पिनकोडांवरून काढले जाते आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. पुण्याहून नागपूरला माल चालला आहे, पण पार्टीच्या खात्यात नागपूरच्या ४४० ने सुरू होणाऱ्या पिनऐवजी ट्रान्सपोर्टच्या पुण्यातल्या ऑफिसचा ४११ वाला पिन भरलेला आहे. दोन्ही महाराष्ट्रातलेच, त्यामुळे पोर्टल हरकत घेत नाही. अंतर निघते दहा-बारा किलोमीटर, मुदत एक दिवस. ट्रक वाटेत असतानाच बिल मरते. मुदतवाढ मिळते, पण मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. ड्रायव्हरचा फोन लागला नाही आणि तपासणीत गाडी सापडली की कराच्या दुपटीपर्यंत दंडाची नोटीस. वाटेत गाडी बदलली तरी ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर चढवायचा असतो, हेही ट्रान्सपोर्टवाल्यावर सोडून चालत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूनेही गोंधळ कमी नसतो. पुरवठादाराच्या बिलावर ‘पीएन/२५-२६/०४१७’ छापलेले असते, आपला माणूस ‘४१७’ भरतो. टू-बीशी जुळवणी केली की शंभरातली तीस-चाळीस बिले ‘सापडत नाहीत’. ती असतात, नाव बदलून बसलेली असतात. बिलावर जसे आहे तसेच, तिरकी रेघ आणि आधीच्या शून्यासकट भरायचे, आणि तारीख पुरवठादाराच्या बिलाची टाकायची, माल आल्याची नाही. तिमाही विवरण भरणारा पुरवठादार असेल तर जुलैचे बिल ऑक्टोबरच्या १४ तारखेलाच दिसेल, कारण मधल्या दोन महिन्यांत बिले चढवण्याची सोय ऐच्छिक आहे. अशा पुरवठादाराच्या खात्यावर ‘तिमाही’ अशी खूण करून ठेवली तर दर महिन्याचे व्यर्थ भांडण वाचते. रुपया-दोन रुपयांच्या फरकाची बिले जुळलेली धरायची मुभा सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू ठेवा. नाही तर राउंड-ऑफचे पैसे शोधण्यात १४ ते २० हे सहा दिवस जातात. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बिल स्वीकारायचे, नाकारायचे की थांबवायचे हे पोर्टलवर सांगता येते. काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरतात. आपण न मागवलेल्या मालाचे बिलही.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवशी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालांसाठी गेले. बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, केसतेल १८ वरून ५ वर आले, लोणी-तूप आणि फरसाण १२ वरून ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर. ज्यांच्या मास्टरमध्ये दरापुढे ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना भरायची सवय होती, त्यांनी आदल्या रविवारी नवे दर चढवले आणि सोमवारी दुकान उघडले. ज्यांनी जुना दर खोडून नवा लिहिला त्यांचे हाल पुढचे दोन महिने चालले. ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या म्हणजे १८ च्याच दराने काढायची. यांच्या संगणकाने ५ टक्क्यांनी काढली. हजार रुपयांच्या मालावर १३० रुपयांचा कर अधांतरी. परतीची नोंद करताना मूळ बिलाचा क्रमांक निवडायची सक्ती सॉफ्टवेअरमध्ये लावता येते. ती त्रासदायक वाटते म्हणून बंद केलेली असते.

उधारीचा विषय वेगळा, पण रोग तोच. घाऊक व्यापारात गिऱ्हाईक बिलाबरहुकूम पैसे देत नाही, ५०,००० असा गोल आकडा देतो. कारकून तो ‘ऑन अकाउंट’ जमा करतो, कोणत्या बिलापोटी ते लिहीत नाही. पार्टीची एकूण बाकी बरोबर राहते, म्हणून कुणाला खटकत नाही. पण ३०, ६०, ९० दिवसांच्या थकबाकीचा अहवाल बिलनिहाय बाकी वाचतो. त्याला चार महिन्यांपूर्वीचे बिल अजून उघडे दिसते. विक्री प्रतिनिधीच्या मोबाइल ॲपमध्ये उधारीची मर्यादा लावलेली असेल तर नियमित पैसे देणाऱ्या या गिऱ्हाइकाचीच ऑर्डर अडते, आणि ज्याने एकच मोठे बिल करून तोंड लपवले आहे तो मर्यादेच्या आत असल्याने त्याला माल जातो. मालक संतापून मर्यादाच काढून टाकतो. एवढ्या भरवशाचे साधन असे कारकुनाच्या एका आळसापायी निकामी होते. पैसे आले की जुने बिल आधी या क्रमाने लावायचे, आणि महिन्यातून एकदा ‘ऑन अकाउंट’ची यादी काढून ती शून्यावर आणायची, एवढे केले तरी पुरते.

कार्डाच्या पैशांचे एक उदाहरण देऊन पुढे जातो. १ लाखाची कार्डविक्री, दीड टक्का शुल्क धरले तर १,५०० आणि त्यावर जीएसटी २७०. बँकेत आले ९८,२३०. पुष्कळ दुकानांत विक्रीच ९८,२३० लिहिली जाते. विक्री कमी दाखवली गेली, खर्च नोंदला गेला नाही आणि २७० ची वजावटही बुडाली. विक्री पूर्ण लिहा, शुल्क वेगळ्या खात्यात. यूपीआयच्या क्यूआरचे पैसे बऱ्याचदा दिवसाची एकच मोठी रक्कम म्हणून खात्यात येतात. त्यांच्यासाठी मधले एक ‘यूपीआय येणे’ खाते ठेवले आणि ते रोज शून्य होतेय का पाहिले, की स्पीकर बोलला पण पैसे आले नाहीत असले प्रकार दुसऱ्याच दिवशी उघडे पडतात.

साठ्याच्या मोजणीबद्दल एकच आग्रह. ३१ मार्चला दुकान बंद ठेवून सगळा माल मोजण्यापेक्षा रोज थोडे थोडे आयटम मोजा. महागाचे आणि जास्त खपाचे महिन्यातून एकदा, बाकीचे तिमाहीतून. मोजणाऱ्याच्या कागदावर संगणकातला आकडा छापू नका. छापला की माणूस मोजत नाही, आकडा जुळवतो.

आता बॅकअप. ‘आमचा बॅकअप आहे’ असे म्हणणाऱ्याला तो कुठे आहे हे विचारले की निम्म्या वेळा उत्तर येते, डी ड्राइव्हला. म्हणजे त्याच हार्डडिस्कवर. उरलेल्यांचा पेन ड्राइव्ह वर्षभर संगणकाला लावलेलाच असतो. खंडणीखोर व्हायरस आला तर मूळ फाइलसोबत तोही कुलूपबंद होतो. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले, तेव्हा आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. मर्स्कच्या नेटवर्कची किल्ली म्हणावी असे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधल्या कार्यालयातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्याच एका यंत्रावरून पुढची उभारणी झाली: सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक, दहा दिवसांत. आपल्याकडे लोडशेडिंगला शिव्या घालतो. तिथे एका जागतिक कंपनीचा बॅकअप त्यानेच केला.

गाळ्यापुरते बोलायचे तर दोन हार्डडिस्क घ्या. एक सोम-बुध-शुक्र, दुसरी मंगळ-गुरू-शनि. जी वापरात नाही ती मालकाच्या घरी. बॅकअप घेताना सॉफ्टवेअर सगळ्या संगणकांवर बंद करा. चालू डेटाचा फोल्डर थेट क्लाउडच्या सिंकमध्ये ठेवू नका. अर्धवट लिहिलेली फाइल वर चढते आणि नीट असलेल्या फाइलीवर बसते. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा) आणि शेवटचा बिल क्रमांक जुळतो का बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. यूपीएस नुसत्या संगणकाला नको, नेटवर्कच्या स्विचलाही हवा. तीन संगणक एकाच डेटावर काम करत असताना स्विचची वीज गेली की नोंद अर्ध्यात तुटते आणि फाइल खराब होते. वाय-फायवर हेच दिवसातून चार वेळा होऊ शकते, म्हणून काउंटरपर्यंत केबल ओढा.

पासवर्डचे न बोललेलेच बरे. सगळे जण ‘अ‍ॅडमिन’ नावाने काम करतात, त्यामुळे बिल कुणी बदलले ते कळायला मार्ग नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. भागीदारी आणि एकट्या मालकाच्या पेढ्यांना ही सक्ती नाही, पण सोय त्यांच्याही सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करा, आणि विवरण भरून झालेला महिना कुलूपबंद करा. ओटीपीचाही विचार करून ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांनाच ओटीपी लागतो. नोंदणीतला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सल्लागाराचा असेल, तर रात्री अकराला भरलेली गाडी गेटवर उभी आणि मालक त्याचा नंबर शोधतोय, असे दृश्य ठरलेले. पोर्टलवर उपवापरकर्ते करता येतात. गोदाम, काउंटर, हिशेब असे वेगळे करून प्रत्येकाला आपापला नंबर द्या.

सॉफ्टवेअर बदलायचे असेल तर सणाच्या तोंडावर बदलू नका. १९९९ मध्ये हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने हॅलोविनच्या हंगामाआधी नव्या यंत्रणा एकदम सुरू केल्या आणि गोदामात माल असूनही जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत. आपल्याकडे हा मूर्खपणा दसऱ्याला मुहूर्त म्हणून केला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत मास्टर साफ करा, मार्चमध्ये दोन आठवडे जुन्या-नव्या दोन्हींत नोंदी करून रोज तेरीज जुळवा, १ एप्रिलला नव्या बिलमालिकेने सुरुवात करा. मागची येणी नव्यात नेताना पार्टीची एकच बाकी नेऊ नका, बिलवार न्या. नाही तर वर सांगितलेला उधारीचा अहवाल पहिल्याच दिवसापासून खोटा. दोन काउंटर असतील तर दोन स्वतंत्र मालिका ठेवा. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे आणि शून्याने सुरू होऊ नये, पोर्टल तो परत पाठवते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. लासलगावचा कांदा आणि लातूरची तूर आपण रोज चौकटीत छापता. त्या चौकटीखाली दर महिन्याच्या ९ तारखेला चार ओळींची जागा द्यावी: ११ ला विक्रीचे विवरण, १३ ला तिमाहीवाल्यांची बिले, १४ ला टू-बी, २० ला थ्री-बी. पुरवणी मालकाच्या घरी जाते. बाजारभावाचे पान गाळ्यावर उघडले जाते, आणि बिल भरणारा मुलगा तिथेच बसलेला असतो.

आपले,
घाऊक व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणारे काही अकाउंटंट व करसल्लागार,
पुणे